खापरपणजोबा कैदी होते का? आधी त्यांचं जहाज शोधा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की तुमच्या मिस्टरांचे खापरपणजोबा १८७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, बेंडिगो या गावी वारले, ते तिथे सोनं सापडलं त्या काळात खलाशी म्हणून स्वखुशीने आले असं घरात सगळे सांगत आलेत, आणि आता नणंदेला त्याच नावाचा एक माणूस लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाच्या खटल्यांमध्ये सापडलाय, चोरीबद्दल सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झालेला. नणंद म्हणते हेच ते. सासूबाई म्हणतात आमच्यात असलं कोणी नव्हतं. तुम्हाला विचारायचंय की खरं कसं ठरवायचं, आणि ते कैदीच निघाले तर पुढे त्यांचं आयुष्य कसं शोधायचं.

मी सतरा वर्षं मेलबर्नमधल्या एका लायब्ररीत लोकांना त्यांची घराणी शोधायला मदत करते आणि त्यातलं बरंचसं काम कैद्यांचंच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं अजिबात धरू नका. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड आणि इंग्रजांच्या इतर मुलखांतून मिळून साधारण १,६२,००० लोक कैदी म्हणून ऑस्ट्रेलियात आणले गेले, त्यातल्या बायका २५,००० च्या आसपास, आणि नावं बघाल तर तीच ती, जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, एलिझाबेथ. तिथल्या सरकारी कारकुनांनाही हाच त्रास होता म्हणून ते कैद्याच्या नावापुढे त्याला आणणाऱ्या जहाजाचं नाव लिहायचे. सुटून पंधरा वर्षं झालेला माणूस दारू पिऊन पकडला गेला तरी पोलिसांच्या कागदावर ते जहाज येतंच. तेव्हा कैद्याची ओळख म्हणजे नाव, जहाज आणि ते पोचलं ते वर्ष, ही तिन्ही एकत्र. नुसतं जहाजही पुरत नाही बरं का, 'एशिया' नावाच्या जहाजांच्या १८२० आणि १८३० च्या दशकांत इतक्या फेऱ्या झाल्यात की वर्ष नसेल तर पुन्हा गोंधळ.

सुरुवातीच्या काळात एका कुटुंबासाठी मी आठ महिने चुकीच्या माणसामागे गेले होते. एकाच जहाजावर एकाच नावाचे दोघं होते, एक लँकेशायरचा विणकर आणि एक केंटचा शेतमजूर, वयात दोन वर्षांचा फरक. मी विणकराचं अख्खं आयुष्य जुळवून दिलं आणि मग लग्नाच्या नोंदीतल्या सहीवरून कळलं की विणकर स्वच्छ सही करायचा आणि त्यांचे पूर्वज फुली मारायचे. त्या आजींना फोन करून हे सांगणं मला फार जड गेलं, त्यांनी तोपर्यंत विणकराच्या गावाला जाऊन चर्चमध्ये फुलं ठेवली होती. तेव्हापासून दोन वेगवेगळ्या कागदांवर आईवडिलांची नावं किंवा अंगावरची खूण किंवा जहाज जुळल्याशिवाय मी कोणालाच 'हेच ते' असं सांगत नाही.

म्हणून सुरुवात ओल्ड बेलीपासून करू नका, बेंडिगोच्या मृत्यूपासून करा आणि मागे मागे जा. व्हिक्टोरिया राज्यात जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८५३ पासून आहे आणि तिथला मृत्यूचा दाखला म्हणजे खजिना असतो, त्यात आईवडिलांची नावं, बापाचा धंदा, जन्मगाव, लग्न कुठे कोणाशी कितव्या वर्षी झालं, मुलं कोण आणि किती वयाची, आणि आपल्या कामाचा रकाना म्हणजे 'ऑस्ट्रेलियन वसाहतींमध्ये किती वर्षं, कुठल्या'. राज्याच्या नोंदणी कार्यालयाच्या साइटवर पैसे भरून स्कॅन केलेली प्रत लगेच डाउनलोड करता येते. एक लक्षात ठेवा, बेंडिगोचं सरकारी नाव १८९१ पर्यंत सँडहर्स्ट होतं, 'बेंडिगो' टाकून काही आलं नाही तर घाबरू नका.

समजा दाखल्यावर असलं की १८७४ ला वारले आणि वसाहतींमध्ये ३१ वर्षं होते, म्हणजे आले १८४३ च्या सुमारास. व्हिक्टोरियात सोनं सापडलं १८५१ ला. मग खलाशाची गोष्ट तिथेच डळमळते. आणि त्यातच 'टास्मानिया १० वर्षं, व्हिक्टोरिया २१ वर्षं' असं काही लिहिलेलं असेल तर माझी भुवई उंचावते, कारण १८४० च्या दशकात कैद्यांची बहुतेक सगळी जहाजं तिकडेच जात होती, तेव्हा त्याचं नाव व्हॅन डीमेन्स लँड होतं, टास्मानिया हे नाव १८५६ चं. अर्थात तिकडून आलेला प्रत्येक जण कैदी नव्हता, मोकळे लोकही भरपूर होते. शिवाय दाखल्यावरची माहिती मेलेला माणूस देत नाही, मुलगा किंवा जावई किंवा शेजारी देतो, आणि त्याला बापाने जे सांगितलं असेल तेच तो सांगणार.

इथे सासूबाईंबद्दल एक सांगायचंय. सोनं सापडल्यावर टास्मानियातून सुटलेले कैदी बास सामुद्रधुनी ओलांडून थव्याने इकडे आले, इथल्या लोकांनी त्यांचा धसका घेतला आणि १८५२ मध्ये व्हिक्टोरियाने त्यांना अडवायला चक्क कायदा केला, टास्मानियातून उतरणाऱ्याने आपण पूर्ण मोकळे आहोत हे दाखवायचं, नाही दाखवलं तर अटक. अशा वेळी माणूस काय करेल, नाव थोडं बदलेल, इंग्लंडहून थेट आलो म्हणेल, खलाशी होतो म्हणेल. पोरांच्या शाळेसाठी, मुलीच्या लग्नासाठी तो ते शेवटपर्यंत तसंच सांगेल. तेव्हा घरात चालत आलेली गोष्ट चूक निघाली तरी ती कोणीतरी लेकरांना जपायला रचलेली असते, सासूबाईंना हे असं सांगितलंत तर त्यांना कमी लागेल.

टास्मानियातल्या लाँसेस्टन बंदरातून मेलबर्नला जाणाऱ्यांच्या याद्या टास्मानियाच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत आणि त्यातल्या काही नोंदींत माणसाची स्थिती, म्हणजे शिक्षा भोगून मोकळा की माफी मिळालेला की मुळातच मोकळा, आणि तो मूळ कुठल्या जहाजाने आला तेही लिहिलेलं असतं. अशी एक ओळ मिळाली तर तुमचं निम्मं काम झालं. लायब्ररीज टास्मानियाच्या साइटवर 'टास्मानियन नेम्स इंडेक्स' आहे, फुकट आहे, तिथे जाऊन नाव टाका आणि डावीकडे 'कन्व्हिक्ट्स' आणि 'डिपार्चर्स' असे वेगवेगळे गाळून बघा. स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघा, कारकून कानावर पडेल तसं लिहायचा.

टास्मानियात सत्तर हजारांहून जास्त कैदी गेले आणि त्यांचे कागद इतके नीट राहिलेत की ऑस्ट्रेलियातले कैद्यांचे दस्तऐवज युनेस्कोने २००७ ला जागतिक स्मृतीच्या यादीत घेतले त्यात हेही आहेत. या वह्यांना 'कॉन' आणि पुढे नंबर असं म्हणतात. १८४० च्या आधी पोचलेल्या पुरुषांची वर्तणूक कॉन ३१ मध्ये, नंतरच्यांची कॉन ३३ मध्ये, बायकांची कॉन ४० आणि कॉन ४१ मध्ये. पहिल्यांदा कॉन ३३ चं पान उघडाल तेव्हा डोळे गरगरतील, बारीक तिरकं अक्षर, सगळे शब्द तोडलेले, कोपऱ्यापर्यंत कोंबलेलं, पण घाई करू नका. वरच्या भागात नाव, धंदा, उंची, वय, वाचता येतं का लिहिता येतं का, धर्म, कुठे कधी खटला. मग तुरुंगाधिकाऱ्याचा शेरा, जहाजावरच्या डॉक्टरांचा शेरा. आणि मग एक वाक्य 'स्टेटेड धिस ऑफेन्स', म्हणजे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला गुन्हा, कोणाचे बूट, कोणाची कोंबडी, आधी किती वेळा आत होतो. कोर्टाच्या कागदात वकिलाची भाषा असते, इथे मात्र जहाजावरून नुकताच उतरलेला माणूस टेबलासमोर उभा राहून उत्तर देतोय आणि कारकून लिहून घेतोय. आणि बरेचदा तो कोर्टात शाबित झालेल्यापेक्षा जास्तच सांगून टाकतो, कारण त्याला भीती असायची की यांच्याकडे सगळं आधीच लिहिलेलं आहे. खाली तारीखवार गुन्हे आणि शिक्षा, दारू, हुकूम न मानणं, रात्री बराकीबाहेर, इतके दिवस अंधारकोठडी, इतके महिने सक्तमजुरी. पान कोरं असेल तरी त्याचा अर्थ असतो, माणूस मान खाली घालून दिवस काढत होता.

आता ओळख पटवायची खरी किल्ली. वर्णनाच्या वहीत अंगावरच्या खुणा लिहिल्यात, पळून गेला तर पकडायला सोपं जावं म्हणून, आणि त्या फार बारकाईने लिहिल्यात. डाव्या दंडावर नांगर, छातीवर क्रूस, अंगठा आणि तर्जनीच्या मधे पाच ठिपके, बोटावर गोंदलेली अंगठी, जलपरी, सूर्य चंद्र तारे. आणि अक्षरं, नुसती आद्याक्षरं ओळीने. ही अक्षरं लोक वाचून सोडून देतात, तुम्ही कागदावर उतरवून घ्या, ती बरेचदा आईची, बायकोची, भावंडांची असतात. त्यानंतर कॉन १४ उघडा, १८४१ नंतर आलेल्या पुरुषांची, बायकांसाठी कॉन १५, त्यात बरेचदा मागे राहिलेले नातेवाईक लिहिलेत, बाप अमुक, आई अमुक, भाऊ इतके, बहिणी इतक्या, राहणार अमुक गाव. ती यादी बेंडिगोच्या दाखल्यावरच्या आईवडिलांच्या नावांशेजारी ठेवा. जुळली तर नणंद बरोबर, नाही जुळली तर ओल्ड बेलीवाला माणूस दुसऱ्या कोणाचा तरी खापरपणजोबा आहे.

ते टास्मानियाऐवजी न्यू साउथ वेल्सला उतरले असतील तर कामाची पद्धत बदलते. तिथे असं एका पानात आयुष्य मिळत नाही, तुकडे जोडावे लागतात. कागद सिडनीला, म्युझियम्स ऑफ हिस्टरी न्यू साउथ वेल्सकडे, इंडेक्स ऑनलाइन. जहाजाची यादी, तिला इंडेंट म्हणतात, १८३० च्या दशकातली छापील असते आणि फार तपशिलात असते, शिक्षण, धर्म, मुलं किती, जन्मगाव, धंदा, गुन्हा, आधीच्या शिक्षा, डोळ्यांचा रंग. मग तिकीट ऑफ लीव्ह, म्हणजे एका ठराविक जिल्ह्यात राहून स्वतःसाठी काम करायची मुभा. सात वर्षांच्या शिक्षेला साधारण चार वर्षांनी, चौदाला सहा आणि जन्मठेपेला आठ वर्षांनी ते मिळू शकायचं, वागणूक बरी असेल तर. तिकिटावर जिल्हा लिहिलेला असतो म्हणजे माणूस त्या वर्षी कुठे होता ते कळतं, जिल्ह्याबाहेर जायचं तर वेगळा पास. शिक्षा संपली की सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम. आणि इथे लोक वर्षानुवर्षं अडकलेले मी बघितलेत, जन्मठेपवाल्याला हे सर्टिफिकेट मिळतच नसे, त्याची मुदत कधी संपणारच नाही ना, त्याला मिळायची ती अटींची माफी, कंडिशनल पार्डन, आणि मुख्य अट म्हणजे इंग्लंडला परत जायचं नाही. तेव्हा आधी शिक्षा किती ते बघा आणि मगच कुठली वही उघडायची ते ठरवा.

१८२८ ची न्यू साउथ वेल्सची जनगणनाही बघा, त्यात प्रत्येकापुढे तो मोकळा आला, इथेच जन्मला, शिक्षा भोगून सुटला की अजून सरकारी नोकर, म्हणजे कैदी, हे लिहिलंय. पण कागदावर लिहिलंय म्हणून खरं असं नाही. मेरी रायबी घ्या, ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर जिचा चेहरा आहे ती. लँकेशायरमधल्या बरी गावची मुलगी, आडनाव हेडॉक, तेरा वर्षांची असताना मुलाचे कपडे घालून, जेम्स बरो असं नाव सांगून फिरत होती आणि घोडा चोरल्याच्या आरोपाखाली पकडली गेली. १७९० ला स्टॅफर्डला सात वर्षांची शिक्षा, 'रॉयल अ‍ॅडमिरल' जहाजाने १७९२ च्या ऑक्टोबरात सिडनीला. दोन वर्षांनी थॉमस रायबीशी लग्न, १८११ ला तो वारला तेव्हा पदरात सात मुलं आणि डोक्यावर जहाजांचा, गोदामांचा व्यापार, तो तिने एकटीने वाढवला. १८२० मध्ये मुलींना घेऊन इंग्लंडला जाऊन आली. आणि १८२८ च्या जनगणनेत तिने काय लिहून दिलं, तर '१८२१ ला मोकळी आले'. अक्षरशः खरं होतं, १८२१ ला ती मोकळीच परत आली होती. आता विचार करा, नुसती जनगणना धरून तिचा शोध घेणारा कुठे पोचला असता, आणि नुसतं हेडॉक हे नाव धरून अटकेपासून शोधणारा जेम्स बरो या नावापाशी कसा अडखळला असता. म्हणून एका कागदावर विसंबायचं नाही, आणि प्रत्येक कागद बघताना विचारायचं की हे कोणी सांगितलं आणि त्याला काय हवं होतं.

आता इंग्लंडकडचं. ओल्ड बेलीचे खटले १६७४ ते १९१३ पर्यंतचे ऑनलाइन आणि फुकट आहेत म्हणून सगळे तिथेच जाऊन शोधतात आणि तिथेच सापडला असं मानतात, पण ते लंडन आणि आसपासचं कोर्ट. बाकी इंग्लंडचे कैदी जिल्ह्याजिल्ह्यांच्या असाइझ आणि क्वार्टर सेशन्स कोर्टांतून आले, त्यांचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये किंवा त्या त्या काउंटीच्या दप्तरखान्यात. क्यूला एचओ ११ म्हणून (एचओ म्हणजे होम ऑफिस, गृहखातं) जहाजवार रजिस्टरं आहेत, त्यात नाव, खटल्याची जागा, तारीख, किती वर्षं ते मिळतं, पण गुन्हा काय ते मिळत नाही, त्यासाठी एचओ २७ ची गुन्हेगारी रजिस्टरं, लंडनच्या मिडलसेक्सची असतील तर एचओ २६. शिक्षेपुढे 'डेथ रेकॉर्डेड' दिसलं तर धसकू नका, १८२३ च्या कायद्यानंतर न्यायाधीश फाशी नुसती कागदावर नोंदवायचे आणि माणूस जहाजावर चढायचा. खटला आणि जहाज यांच्या मधे बरेचदा महिने, कधी वर्षंही जायची, तेवढा काळ जुन्या मोडक्या जहाजांवर, हल्क म्हणायचे त्यांना, १७७६ पासून १८५७ पर्यंत थेम्समध्ये, पोर्ट्समथला, शीअरनेसला नांगरून ठेवलेली. त्यांच्याही हजेऱ्या आहेत.

आयर्लंडमध्ये खटला झाला असेल तर हे सगळं लागू नाही, तिथले बरेच कागद १९२२ च्या आगीत गेले. आणि तुमच्या माहितीसाठी, मुंबई इलाख्यातल्या लष्करी कोर्टांत शिक्षा झालेले ब्रिटिश सैनिकही सिडनीला पाठवले गेलेत, म्हणून खटल्याच्या जागी 'बॉम्बे' दिसलं तर ती लिहिणाऱ्याची चूक समजू नका. आपल्याला काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं, पण १८५८ ला अंदमानची वसाहत सुरू झाली तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला इंग्लंडचे कैदी अजून उतरतच होते, शेवटचं जहाज 'हूगोमाँट' १८६८ च्या जानेवारीत पोचलं.

क्यूचं एक दप्तर मात्र मी सगळ्यांना आवर्जून बघायला सांगते, दयेचे अर्ज, एचओ १७ आणि एचओ १८. सगळ्यांचे नसतात. पण असला तर तुमच्या घराण्याबद्दल एवढं दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. मी पाहिलेला एक अर्ज अजून विसरले नाही, आईच्या वतीने गावच्या पाद्रीने लिहिलेला, मुलगा घरात एकटाच कमावता, बाप अंथरुणाला, खाली गावकऱ्यांच्या सह्या आणि सह्या कमी फुल्याच जास्त, प्रत्येक फुलीशेजारी पाद्रीने नाव आणि धंदा लिहिलेला, लोहार, सुतार, दूधवाला, आणि त्यात ज्याच्या घरी चोरी झाली त्याचीही सही. कागद घडी घालून पाठवलेला, त्या घड्या अजून तशाच. मागच्या बाजूला गृहखात्याच्या माणसाने एकच शब्द लिहिलाय, 'निल'. म्हणजे काही करायचं नाही. त्या बाईच्या पणतवाच्या नातीला मी तो दाखवला तेव्हा ती बराच वेळ फुल्यांवरून बोट फिरवत बसली होती.

प्रवासाबद्दल थोडं. १७९० ला कैद्यांच्या जहाजांचा दुसरा ताफा आला त्यात साधारण चौथा हिस्सा कैदी वाटेतच मेले, ठेकेदाराला माणूस जहाजावर चढवण्याचे पैसे मिळत होते, जिवंत उतरवण्याचे नव्हे. १८१४ ला काही जहाजांवर पुन्हा मृत्यू वाढले तेव्हा विल्यम रेडफर्न या डॉक्टरने कारणं शोधून अहवाल दिला, हवा, स्वच्छता, अन्न, आणि हा रेडफर्न स्वतः नौदलाच्या बंडात सापडून कैदी म्हणून आलेला. त्यानंतर प्रत्येक जहाजावर सरकारी डॉक्टर नेमायची पद्धत पडली आणि मृत्यू फार कमी झाले. या डॉक्टरांच्या डायऱ्या क्यूला एडीएम १०१ मध्ये आहेत, तुमच्या माणसाचं नाव नसलं तरी त्याच्या जहाजाची डायरी वाचा, कुठे वादळ झालं, कोणाला स्कर्व्ही झाला, सगळं आहे.

पुढचं आयुष्य. लग्नाची परवानगी सरकारकडे मागावी लागायची आणि त्या अर्जांत एक गोष्ट नेहमी दिसते, माणूस अविवाहित किंवा विधुर म्हणून अर्ज करतो आणि कारकून जहाजाची यादी काढून शेरा मारतो की येताना याने लग्न झालंय असं सांगितलं होतं, नामंजूर. तुमच्या यजमानांच्या खापरपणजोबांची इंग्लंडमध्ये पहिली बायको, मुलं निघाली तर दचकू नका, १८४१ च्या जनगणनेत ती बाई शोधा, माहेरी गेलेली दिसेल, नाहीतर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना काम करून घेऊन ठेवायचे त्या सरकारी घरात. तिचं आयुष्यही या गोष्टीचाच भाग आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लोक लिहितात. जाणारे लोक पेनीची नाणी घासून गुळगुळीत करून त्यावर टोचून टोचून नाव आणि निरोप लिहून मागे ठेवायचे, कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी तीनशेच्या वर आहेत, जमलं तर जाऊन बघा, तेवढ्याशा जागेत माणसाने काय काय बसवलंय.

वर्तमानपत्रांसाठी ट्रोव्ह वापरा, राष्ट्रीय लायब्ररीचं, फुकट, १८०३ च्या 'सिडनी गॅझेट'पासून. पळून गेलेल्यांच्या याद्या, जमिनीचे झगडे, दारूचे दंड सगळं तिथे.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. तुमचा माणूस १८३० च्या दशकात सिडनीच्या आत उत्तरेकडे कुठे गुरं राखायला दिलेला निघाला, तर त्या भागात मूळ रहिवाशांचं काय झालं तेही वाचा. १८३८ ला मायॉल क्रीकला किमान २८ आदिवासी, बायका पोरांसकट, कापले गेले, करणारे जवळपास सगळे कैदी किंवा सुटलेले कैदी होते, आणि सात जणांना फाशी झाली. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच हातून पुढे काय झालं असेल हे शोधायची तयारी ठेवूनच शोधाला बसायचं.

आणि शेवटपर्यंत जा, सुटकेच्या कागदावर थांबू नका. विल्यम कफे नावाचा लंडनचा शिंपी होता, कृष्णवर्णीय, बाप सेंट किट्सच्या गुलामगिरीतून आलेला. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत पुढारी, १८४८ ला जन्मठेप, १८४९ ला साठीच्या वयात टास्मानियात होबार्टला. तिथेही शिवणकाम केलं, बायको १८५३ ला मागून आली, १८५६ ला माफी मिळाली, तरी परत गेला नाही, कामगारांच्या हक्कांसाठी तिथेच बोलत राहिला आणि १८७० ला होबार्टच्या निराधार म्हाताऱ्यांच्या सरकारी आश्रमात वारला. त्याच्यासारखे कितीतरी लोक अशा आश्रमांत संपलेत, ती रजिस्टरंही बघायची असतात, कारण तिथेही मूळ जहाजाचं नाव सापडतं, तीस तीस वर्षांनी.

तर आत्ता तुम्ही एवढंच करा. नणंदेला सांगा ओल्ड बेलीचा प्रिंटआउट बाजूला ठेव, आणि बेंडिगोचा मृत्यूचा दाखला मागवा, सँडहर्स्ट नावानेही शोधा. त्यांच्या एखाद्या मुलाच्या जन्माचा दाखलाही घ्या, त्यात बापाचं वय, जन्मगाव आणि लग्न कुठे झालं ते असतं, आणि ती माहिती बहुतेकदा आई किंवा बाप स्वतः द्यायचे म्हणून ते जास्त भरवशाचं. लग्न लाँसेस्टन किंवा होबार्टला झालेलं निघालं तर नेम्स इंडेक्समध्ये ते काढा, बायकोचंही नाव टाका, तीही कैदी असू शकते. सासूबाईंना जवळ बसवा, जुन्या बायबलच्या आतल्या पानावर काही लिहिलंय का, मुलांची मधली नावं काय होती ते विचारा, मधल्या नावांत इंग्लंडच्या आजीचं माहेरचं आडनाव बरेचदा लपलेलं असतं. दाखला हातात आला की आईवडिलांची नावं आणि वसाहतींमधली वर्षं मला लिहून पाठवा, कॉन ३३ चं अक्षर लागलं नाही तर पानाचा फोटोही पाठवा, मी वाचून देईन.